मामाची मांडी

समस्त रत्नागिरी शहर, भाट्ये खाडीच्या अलीकडची व पलीकडची सर्व गावे, आणि ज्यांना ज्यांना म्हणून दोन कान आहेत अशा यच्चयावत आबालवृद्धांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, खाली सही करणार सोनार याने लहान मुलांचे कान टोचण्याचे काम गेल्या शिमग्यापासून कायमचे बंद केले आहे. दागिने घडवणे, मोडणे, तुटलेले झाळून जोडणे, चष्म्याच्या काड्या सरळ करणे ही कामे पूर्ववत चालू आहेत. कान मात्र दुसरीकडे न्यावेत. तक्रार चालणार नाही.

हा जाहीरनामा मी माझ्या दुकानाच्या फळीवर चिकटवला तेव्हा पेठेत केवढी खळबळ! समोरचे वकील चष्मा वर करून तीनदा वाचून गेले आणि म्हणाले, "शेट, 'सोनारानेच कान टोचावेत' हे वाक्य आम्ही कोर्टात वीस वर्षं वापरतोय. आता आम्ही काय वापरायचं?" मी म्हटले, "तुम्ही जीभ टोचा. तिथे गिऱ्हाईक पुष्कळ आहे." वकील हसले. पण माझ्याच तोंडून ते वाक्य निघाल्यावर मला काही हसू येईना. त्याचे कारण पुढे येईल.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला लिहायला बसवले तेव्हा सांगितले, "शेट, तुम्ही बोलता तसंच लिहा. तुमचं बोलणं म्हणजे नाटक असतं." खरे आहे. माझ्या बोलण्याने काय काय झाले आहे हे त्या सज्जन गृहस्थांना ठाऊक नाही, एवढेच.

आधी आमचे काम समजून घ्या. लोकांना वाटते, कान टोचणे म्हणजे सुई खुपसणे. छे! सोन्याची तार ओढायची, तिचे टोक कानशीवर असे घासायचे की आपल्याच अंगठ्याला कळू नये कधी टोचले. पोराचा कान उजेडाकडे धरायचा. तान्ह्या पोराची पाळी उन्हात आंब्याच्या कोवळ्या पानासारखी दिसते, आतल्या शिरा न् शिरा मोजून घ्या. त्या शिरा चुकवून काजळाचा ठिपका द्यायचा. मुलगा असला तर उजवा कान आधी, मुलगी असली तर डावा. तार आरपार, वाकवून बाळी, वर हळद आणि खोबरेल. पोर रडायला तोंड उघडते तोवर माझे काम संपलेले असते, आणि तोंड उघडलेच आहे तर त्यात गूळ घालायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मामा. पोर मामाच्या मांडीवर हवे. बापाची मांडी चालत नाही, आजोबाची नाही. आईचा भाऊच पाहिजे. या मामालोकांवर मी एक पुराण लिहू शकेन. एक मामा मुंबईच्या गिरणीतला, शरीराने नुसती दीपमाळ. तारेचे टोक पाहून भाच्यासकट उताणा पडला. मी पोर वरच्यावर झेलले आणि मामाच्या तोंडावर पाणी मारले. दुसरा मामा मला म्हणाला, "हळू टोचा हां, आमच्या घराण्याचे कान नाजूक." मी म्हटले, "घराणं बापाचं असतं, कान तर तुमचे दिसतायत." ओटीवर जमलेली सगळी माणसे हसली.

म्हणजे मी पंचवीस वर्षे कान आणि मामा एकत्र पाहत आलो. म्हणून एक गोष्ट फक्त मलाच दिसली. ती कोणाही वैद्याला दिसली नव्हती, भटजीला दिसली नव्हती. जिथे रक्त थांबत नाही, तिथे मामा नसतो.

ते असे झाले. खाडीपलीकडे भाट्याला एक गलबतवाल्यांचे घर. घरचा मुलगा गोविंदा आठ महिने समुद्रावर. घरात त्याची आई जानकीबाय. तिचा आवाज असा की भरतीच्या वेळी तरीवाल्याला हाक मारली तर होडी आपोआप वळावी. सून यमुना, अंगाने बारीक, बोलायला कमी. तिच्या पहिल्या मुलाचे कान टोचायला मी गेलो. विचारले, "मामा कुठं?"

जानकीबाय म्हणाली, "मामा नाय वो. दोन होते हिला, लहानपणीच गेले. मानलेला मामा बसवलाय, चालंल ना?"

मानलेल्या मामाच्या मांडीवर मी ते पोर टोचले. शीर लागली नव्हती, ही शपथ मी कुठल्याही देवळात घेईन. एक थेंब आला. पुसला. दुसरा आला. संध्याकाळपर्यंत थेंब येत होते. चौथ्या दिवशी ते पोर गेले.

मला कोणी दोष दिला नाही. त्या घरात दोष आधीच ठरलेला होता. पणज्याच्या काळी म्हणे वादळात गलबत हलके करायला एका खलाशाला पाण्यात लोटले होते. त्याच्या बायकोने किनाऱ्यावर उभे राहून तळतळाट दिला: तुमचे मुलगे टिकायचे नाहीत. घराचे उपाध्ये अण्णाभट दरवर्षी त्या खलाशाच्या नावाने पिंड ठेवत. त्यानंतर यमुनाला मुलगी झाली, चंपी, ठणठणीत. मी तिचे कान आणि नाक दोन्ही टोचले, रक्ताचे नाव नाही. मग पुन्हा मुलगा. याला टोचायची वेळच आली नाही. उंबऱ्यावर पडून ओठ फुटला, तेवढे पुरे झाले.

अण्णाभट माझ्या दुकानाच्या ओट्यावर रोज तासभर बसत. मोठा विद्वान माणूस, आणि विद्वान असून विनोद कळणारा. एके दिवशी तिथे गावात नवीन आलेला डॉक्टर आला. मुंबईहून शिकून आलेला, तिशीच्या आतला, हातात चष्म्याची मोडकी काडी. मी काडी झाळत होतो, अण्णाभट भाट्याच्या शापाची हकीकत सांगत होते, आणि मी सवयीने मध्ये माझे शेपूट जोडले, "शाप असो नसो, मला एवढं ठाऊक आहे की जिथे रक्त थांबत नाही तिथे मामा नसतो. पावसला एक घर आहे, गोळपला एक. तिथेही असंच झालं. दोन्हीकडे मानलेला मामा."

डॉक्टर उभाच राहिला. "त्या बायकांची माहेरं कुठली?"

"तिघींचं एकच. राजापूरकडचं. सख्ख्या-चुलत बहिणी त्या."

"चुलत की मावस?"

मी आठवले. "मावस. बरोबर, मावस."

डॉक्टरने माझ्याकडून वहीचा कागद मागून घेतला. बायकांना वर्तुळ, पुरुषांना चौकोन. मी नावे सांगत गेलो, तो रेषा ओढत गेला. रक्त न थांबलेले चौकोन काळे केले. शेवटी कागद आमच्यापुढे धरला. काळे चौकोन सगळे कुठल्या ना कुठल्या वर्तुळाच्या खाली लोंबत होते. मामा आणि भाचा, मामा आणि भाचा.

मग त्याने समजावले, आणि माझ्यासाठी सोनाराच्या भाषेत समजावले. माणसाच्या बीजात साखळ्या असतात. बाईची एक साखळी दुपदरी. एका पदरातली कडी कच्ची असली तरी दुसरा पदर भार घेतो, म्हणून बाईला काही होत नाही. पुरुषाची तीच साखळी एकपदरी. आईकडून कच्चा पदर आला की संपले. हे आनुवंशिकतेचे शास्त्र एका ख्रिस्ती साधूने मठाच्या बागेत वाटाणे लावून सुरू केले, असेही तो म्हणाला.

"म्हणजे तोही भटच!" अण्णाभट खूश झाले. "फक्त आम्ही वाटाण्याची उसळ करतो, त्याने मोजले."

पण नंतर त्या दोघांची जी जुंपली ती मी जन्मात विसरणार नाही. अण्णाभट म्हणाले, "जीव आपल्या कर्मानं गर्भ निवडतो, असं आमचं शास्त्र."

"मग सगळे पापी जीव याच मावस बहिणींच्या पोटी कसे येतात? आणि मुलींचं कर्म नेहमी चांगलं?"

"बाईचा जन्म चांगल्या कर्माचा, असं म्हणणारा तूच पहिला हो! बरं, तुझं खरं धरू. उद्या यमुनानं विचारलं, माझ्याच पदरी कच्ची कडी का, तर काय सांगशील?"

डॉक्टर प्रामाणिक होता. "काही नाही. कुठला पदर कोणाला जातो, त्याला कारण नसतं. छापा की काटा."

"कारण नाही." अण्णाभटांनी मान हलवली. "मग ऐक. माझं उत्तर कदाचित चुकीचं असेल. पण माझ्या उत्तरातला दोषी मेलेला आहे. तुझ्या उत्तरातला दोषी चुलीपाशी बसलाय. हे भाट्याला कळलं तर सासू तिला घरात ठेवेल का?"

डॉक्टर म्हणाला, "पण यात तिचा दोष नाही!"

"ते तू इंग्रजीत सिद्ध करशील. जानकीबायला कोण सांगेल?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू. तोंड बंद. गळ्याची शपथ घे."

मी घेतली.

कागद माझ्याजवळच राहिला. त्यावर चंपीचे वर्तुळ होते, आणि त्यात डॉक्टरने प्रश्नचिन्ह काढले होते. तिच्याकडे कुठला पदर आला आहे ते तिला मुलगा होईपर्यंत कळायचे नाही.

यमुनाला तिसरा मुलगा झाला. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. मुलगे जगत नसले की पुढच्याचे नाक टोचायचे, नथ घालायची, नाव नथू ठेवायचे आणि मुलीसारखे वाढवायचे. म्हणजे न्यायला येणारा फसतो. डॉक्टर ऐकून कपाळाला हात लावून बसला आणि मग म्हणाला, "गंमत अशी की या लोकांना रोग बरोबर कळलाय. मुलगे जातात, मुली राहतात. आणि वाचवण्यासाठी नेमकं जे करू नये तेच करतायत."

जानकीबायचा निरोप आला: बारशाला नाक टोचायला या. मी तीन दिवस विचार केला, आणि मग माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर काम केले. चापाची नथ! नाकाला छिद्र नाही, नुसती दाबून बसणारी. मुगाच्या डाळीएवढी. एक मोती, तोही साबुदाण्याच्या निम्मा. आत कडेला मऊ मेण, की कातडीला वळ सुद्धा उठू नये.

जानकीबायने नथ पाहिली. "भोक नाय पाडायचं? मग देव फसंल काय?"

मी अण्णाभटांकडे पाहिले. अण्णाभटांनी डोळे मिटले, दोन क्षण घेतले आणि निर्वाळा दिला, "नथ हवी असं आहे. भोक हवं असं कुठंही नाही. शिवाय जानकीबाय, वरून बघणाऱ्याला नाकाच्या आतलं कुठं दिसतं?"

म्हातारीला पटले. डॉक्टरने यमुनाला बाजूला घेऊन सांगितले: दाराच्या कडांना गोधड्या बांध, पोराला लाकडी खेळणे देऊ नको, जमिनीवर सोडू नको. त्या बाईने अडीच वर्षे ते पोर असे सांभाळले की मी कधी माझे काचेचे भिंगसुद्धा सांभाळले नाही. नथू रांगला, नथू चालला. परकर नेसून, मोत्याची नथ घालून चंपीच्या मागे दुडदुडला. आम्ही तिघे ओट्यावर बसून चहा प्यायचो तेव्हा आपण कोणीतरी देवाच्या दरबारातून पोर पळवून आणले आहे अशा ऐटीत असायचो.

आणि मग माझी जीभ.

गणपतीचे दिवस. दुकान भरलेले. कोणीतरी म्हणाले, शेट, एखादी गोष्ट होऊ दे. आता तुम्हीच सांगा, घरात नवी पैठणी असलेल्या बाईने ती किती दिवस पेटीत ठेवावी? माझ्याजवळ जगातली सगळ्यात नवी गोष्ट होती, आणि तिच्यात मी स्वतः होतो. मी नाव घेतले नाही. 'एक गाव, एक घर' एवढेच म्हणालो. पण डॉक्टरची नक्कल केली, अण्णाभटांचे मिटलेले डोळे केले, दुपदरी साखळी हातात धरून दाखवली, तशीच दुसरी चापाची नथ स्वतःच्या नाकाला लावून मुरडलो. लोक पोट धरून हसले. त्यात भाट्याची एक मासळीवाली होती. तिच्या टोपलीबरोबर माझी गोष्ट संध्याकाळच्या तरीतून पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी जानकीबाय दुकानात उभी. आवाज एकदम लहान. त्या आवाजाने मी जास्त घाबरलो.

"शेट, आमच्या घरची साखळी कच्ची हाय म्हनता. कंची कडी ती, जरा दाखवा."

"जानकीबाय, ती आपली एक थट्टा..."

"माजे दोन नातू गेले. थट्टा कंची, ते मला कळतं." ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. जन्मभर सोंगे करणारा मी, त्या दिवशी एक सोंग मला जमले नाही. ती वळली आणि गेली.

अण्णाभट धावत पलीकडे गेले. सगळे सांगून पाहिले. म्हातारी त्यांना म्हणाली, "भटजी, इतकी वर्सं तुम्ही त्या मेलेल्या खलाशाला जेवू घातलंत. आनि करनारी माज्या चुलीपाशी बसून जेवत होती."

यमुनाला माहेरी धाडले. माहेरी कोण, तर एक म्हातारी आई, भाऊ नव्हतेच. नथू आणि चंपी घरची, ती घरात राहिली. गोविंदा समुद्रावर होता. तो आला तोवर दुसरी सोयरीक ठरली होती.

जाताना यमुना तरीतून उतरून माझ्या दुकानावरून गेली. गाठोडे खाली ठेवले. मी हात जोडले. ती म्हणाली, "शेटकाका, तुम्ही सांगितलंत ते खरं असंल. पन तुम्ही हसत सांगितलंत म्हनं." एवढे बोलून गाठोडे उचलून गेली.

जानकीबाय वाईट नव्हती, हे मला लिहिलेच पाहिजे. ती त्या पोरावर जीव टाकत होती. तिचा हिशेब सरळ होता: सोनार, भट आणि डॉक्टर तिघांनी मिळून फसवले, तर ती नथही फसवणूकच. खोट्या नथीने देव किती दिवस फसणार? मला बोलावले असते तर मी पाय धरले असते. तिने बोलावले नाही. घरची सुई दिव्यावर धरली, तिच्यात दोरा ओवला, देवाला नारळ ठेवला, आणि पोराला मांडीवर घेऊन स्वतः नाक टोचले.

तिसऱ्या दिवशी तिने आम्हाला निरोप धाडला. डॉक्टर आत होता, अण्णाभट आणि मी बाहेर पडवीत. आत काय चालले ते आम्ही ऐकत होतो, आणि नंतर ते ऐकू येईनासे झाले. डॉक्टर बाहेर आला, अण्णाभटांच्या शेजारी जमिनीवर बसला. सदऱ्याच्या बाह्या लाल. तो म्हणाला, "भटजी, काहीतरी म्हणा ना. तुमचं काहीतरी."

अण्णाभट म्हणाले, "माझं संपलं रे."

त्यानंतर ओट्यावर ती जोडी कधी बसली नाही. डॉक्टरने वर्षाच्या आत बदली मागून घेतली. अण्णाभट येतात, पण वाद घालत नाहीत. एकदा मी मुद्दाम वाटाण्याची गोष्ट काढली, तर ते म्हणाले, "दोन शास्त्रं होती आणि एक पोर होतं. शास्त्रं दोन्ही शाबूत आहेत."

आता गेल्या शिमग्याची गोष्ट, म्हणजे जाहीरनाम्याची.

गोविंदाच्या दुसऱ्या बायकोला मुलगा झाला. जानकीबाय स्वतः मला बोलवायला आली. एवढे झाल्यावरही मलाच. "तुमचा हात हलका हाय," म्हणाली. मी नाही म्हणू शकलो नाही. नकाराला मला तोंड होते कुठे?

ओटी माणसांनी भरलेली. मधोमध पाटावर मामा. सख्खा मामा! जयगडचा, रुंद छातीचा, मिशा पिळलेला, भाच्याला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसल्यासारखा. मी पोराचा कान उजेडाकडे धरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी ठिपका दोनदा पुसला. तार आरपार गेली. एक थेंब आला. मी पुसला आणि श्वास धरून बसलो. जानकीबायने श्वास धरला. अण्णाभटांनी डोळे मिटले, आणि या वेळी ते सोंग नव्हते.

दुसरा थेंब आला नाही.

ओटीवर जो आनंद झाला तो काय सांगू! जानकीबाय रडत हसत होती, "टिकला गो बाय, टिकला! शाप गेला आमचा!" गूळ वाटला, ढोल वाजला. तिच्या लेखी सगळे सिद्ध झाले होते. डॉक्टरच्या कागदाप्रमाणेही तेच व्हायचे होते, या पोराची आईच वेगळी. सगळ्यांचे खरे ठरले.

अण्णाभट माझ्याजवळ सरकले. हळूच म्हणाले, "वर्ष दोन वर्षांत चंपीचं जमवायचं म्हणतायत. पावसचं स्थळ आहे. तो कागद आहे का तुझ्याकडे?"

मी मान हलवली. प्रश्नचिन्ह असलेले ते वर्तुळ माझ्या पेटीत, चापाच्या नथीखाली घडी घालून ठेवलेले आहे.

"मग सांगणार कोण?" त्यांनी विचारले.

मी एकदा बोललो होतो, त्याचे काय झाले ते तुम्ही वाचलेत. आता न बोललो तर काय होईल, तेही मला दिसत होते. मी हत्यारे पुसत बसलो. तेवढ्यात चंपी गर्दीतून वाट काढत पुढे आली. बारा-तेरा वर्षांची, नवा परकर, दोन वेण्या, मीच टोचलेल्या कानांत मीच केलेल्या कुड्या. तिने आपल्या सावत्र भावाला त्या जयगडच्या मामाच्या मांडीवरून उचलून घेतले, त्याच्या लाल झालेल्या कानावर फुंकर घातली, आणि साऱ्या ओटीला ऐकू जाईल अशा आवाजात, आजीचाच तो आवाज, मला म्हणाली,

"शेटकाका, आता माज्या बाळाचे कान टोचाल तवा मानलेला मामा नको हां! ह्यो बगा, माजा भाऊ हाय मांडी द्यायला!"